बेरिंगचा भूसेतू नेमका केव्हा बुडाला?

१/
आशिया आणि अमेरिका ही खंडे जेथे एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात, तेथे सुमारे ८५ किलोमीटर रुंद आणि जेमतेम ५० मीटर खोल अशी बेरिंगची सामुद्रधुनी आहे. हिमयुगात या ठिकाणी पाणी नव्हते. गवत होते, तळी होती, मॅमथांचे कळप होते आणि बहुधा माणसेही होती. ही भूमी समुद्राखाली केव्हा गेली? प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर मात्र एका पिढीच्या काळात काही हजार वर्षांनी सरकले. समुद्र तोच, गाळ तोच. मग तारीख का बदलली, याची ही हकिकत. #थ्रेड

२/
या प्रश्नाचे मूळ सामुद्रधुनीच्या शोधापेक्षाही जुने आहे. पेरूत अनेक वर्षे राहिलेल्या होसे दे अकोस्ता या स्पॅनिश जेझुइट पाद्र्याने इ. स. १५९० मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने मोठा मार्मिक तर्क मांडला. अमेरिकेत माणसे गलबतांतून गेली असे एक वेळ मानता येईल. पण लांडगे आणि कोल्हे कोणी नेले? असले उपद्रवी प्राणी मुद्दाम जहाजावर चढवून कोण नेईल? तेव्हा दोन्ही भूमी कोठेतरी जोडलेल्या, निदान अगदी निकट असल्या पाहिजेत. ज्याच्या नावाने ती जागा पुढे ओळखली गेली, त्या बेरिंगचा जन्म व्हायला तेव्हा अजून ९१ वर्षे अवकाश होता.

३/
सेम्यॉन देझ्न्योव हा रशियन कोसॅक १६४८ मध्ये त्या पाण्यातून गेला. पण त्याचा अहवाल याकुत्स्कच्या दप्तरात पडून राहिला आणि १७३६ मध्ये इतिहासकार म्यूलरच्या हाती लागला. दरम्यान १७२८ मध्ये विटस बेरिंग याच सामुद्रधुनीतून उत्तरेकडे गेला, परंतु धुक्यामुळे त्याला अमेरिकेचा किनारा दिसलाच नाही. १७७८ मध्ये जेम्स कुकने दोन्ही किनाऱ्यांचे नकाशे केले, तेव्हा कोठे अकोस्ताच्या ‘कोठेतरी’ला नकाशावर जागा मिळाली. तरीही एक प्रश्न शिल्लक होताच. जवळ असणे वेगळे आणि जोडलेले असणे वेगळे.

४/
जोडलेपणाचा पहिला पुरावा खोली मोजताना मिळाला. कॅनडाचे भूशास्त्रज्ञ जॉर्ज डॉसन यांनी १८९४ मध्ये लक्षात आणून दिले की बेरिंग समुद्राचा मोठा भाग अत्यंत उथळ आहे आणि एके काळी तेथे दोन खंडांना जोडणारे विस्तीर्ण मैदान असले पाहिजे. पुढे १९३७ मध्ये एरिक हुल्टेन या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने दोन्ही बाजूंच्या वनस्पतींचा प्रसार ताडून पाहिला. त्या एका समाईक प्रदेशातून पसरल्या असाव्यात, असे त्याला दिसले. त्या बुडालेल्या प्रदेशाला त्याने नाव दिले : बेरिंजिया.

५/
समुद्र हटला कसा? पाणी नाहीसे झाले नव्हते, ते गोठून जमिनीवर साचले होते. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोप यांवर दोन-तीन किलोमीटर जाडीचे हिमस्तर पसरले होते. हिमयुगाच्या परमावधीच्या वेळी जगाचा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरांनी, कदाचित त्याहूनही अधिक, खाली होता. बेरिंगला ५० मीटर उतार पुरेसा होता. ‘सेतू’ हा शब्द येथे थोडा फसवा आहे. ही चिंचोळी वाट नव्हती. उत्तर-दक्षिण सुमारे १,६०० किलोमीटर रुंदीची, म्हणजे मुंबई-दिल्ली रेल्वेमार्गाच्या लांबीहूनही मोठी, ती एक सपाट भूमी होती.

६/
शाळेच्या भूगोलात ‘समुद्रबूड जमीन’ हा शब्द येतो. मुंबईसमोर ही समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे आणि हिमयुगात तिचाही बराच भाग कोरडा होता. समुद्र हा शेवटी सर्वत्र जोडलेला असल्याने कॅनडावरचा बर्फ वितळला की पाणी कोकणासमोरही चढणार आणि अलास्कासमोरही. मग बेरिंगची तारीख काढणे सोपे वाटते. जगाचा समुद्र केव्हा किती वर होता याचा एक आलेख काढावा आणि पाण्याने उणे ५० मीटरांची रेघ केव्हा ओलांडली ते वाचून घ्यावे.

७/
असा आलेख आहे. बार्बाडोसच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळात छिद्रे घेऊन प्राचीन प्रवाळ बाहेर काढण्यात आले आणि रिचर्ड फेअरबँक्स यांनी १९८९ मध्ये त्यांवरून समुद्रपातळीचा इतिहास मांडला. ज्या जातीचे प्रवाळ त्यांनी निवडले, ती पाण्याच्या पृष्ठभागापासून काही मीटरांच्या आतच वाढते. तेव्हा असा प्रवाळ ज्या खोलीवर मृतावस्थेत सापडतो, त्याच्या थोडेच वर त्याच्या काळातील समुद्राचे पाणी होते. चढ एकसारखा नव्हता, हेही यातून कळले. सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी समुद्र अवघ्या काही शतकांत १५ मीटरांच्या आसपास वर आला होता.

८/
तथापि बार्बाडोसचा आलेख बेरिंगवर जसाच्या तसा लावता येत नाही. हिमस्तराच्या भाराने जमीन दबते, भार उतरला की हळूहळू वर येते आणि तिच्या आसपासचा प्रदेश खाली-वर होतो. शिवाय प्रचंड हिमस्तर आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचे पाणी स्वतःकडे ओढतो; तो वितळला की ती ओढही जाते. म्हणून समुद्रपातळीचा चढ प्रत्येक किनाऱ्यावर थोडा वेगळा असतो. बेरिंजिया इतकी सपाट होती की पाच-दहा मीटरांच्या फरकाने तारीख शतकानुशतके मागेपुढे होई. उत्तर हवे तर तेथल्याच गाळाला विचारणे भाग होते.

९/
या प्रश्नासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत डेव्हिड हॉपकिन्स यांचे नाव अग्रभागी येते. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणात काम करणारे हॉपकिन्स १९४०च्या दशकापासून अलास्काच्या सुअर्ड द्वीपकल्पावर हिंडत होते. बेरिंजियाची निम्मी भूमी सोव्हिएत हद्दीत होती आणि काळ शीतयुद्धाचा होता. तरीही त्यांनी १९६७ मध्ये संपादित केलेल्या ‘द बेरिंग लँड ब्रिज’ या ग्रंथात सोव्हिएत संशोधकांचे लेख आहेत. दोन सत्तांनी एकमेकांकडे पाठ फिरवली असताना दोन्ही बाजूंचे अभ्यासक मात्र त्यांना जोडणाऱ्या भूमीचा नकाशा जुळवीत होते.

१०/
तारीख काढण्याचे साधन होते कार्बन-१४. विलार्ड लिबी यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत सिद्ध केली आणि १९६० मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. जिवंत झाड हवेतून कार्बन घेते, त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ अल्प प्रमाणात असतो. झाड मेले की आवक थांबते आणि असलेला साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. किती उरला हे मोजले की मृत्यूचा काळ कळतो. सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याजोगे फारसे काही उरत नाही. बेरिंगचा अखेरचा काळ या मर्यादेच्या आत सहज बसणारा होता.

११/
येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. हवेतील कार्बन-१४चे प्रमाण सर्वकाळ सारखे नव्हते. त्यामुळे ‘कार्बन-वर्षे’ आणि पंचांगाची वर्षे यांत अंतर पडते. कार्बन-पद्धतीने आलेली ११,००० वर्षे म्हणजे प्रत्यक्षातली जवळजवळ १३,००० वर्षे. झाडांची वार्षिक वलये आणि तळ्यांतील वार्षिक थर यांच्या आधारे हा हिशेब आता दुरुस्त करून दिला जातो. जुने लेख वाचताना हा भेद न पाहिल्यास दोन संशोधकांत भांडण नसतानाही भांडण दिसते, आणि कधी असलेले भांडण दिसेनासे होते.

१२/
समुद्रतळात नळी खोवून गाळाचे उभे स्तंभ काढण्यात आले. तळच्या थरांतील गाळाचे कालमापन झाले आणि त्यावरून भूसेतू सुमारे १४,००० हून अधिक कार्बन-वर्षांपूर्वी बुडाल्याचे अनुमान निघाले. पंचांगाच्या हिशेबाने हे १७,००० वर्षांपलीकडे जाते. १९८०च्या दशकात हाच अंदाज रूढ होता. त्या काळी अमेरिकेतील पहिली माणसे म्हणून ज्यांची ख्याती होती, त्या क्लोव्हिस शिकाऱ्यांचा काळ आहे सुमारे १३,००० वर्षांपूर्वीचा. वाट जर त्यांच्याआधी चार हजार वर्षे बुडाली असेल, तर त्यांचे पूर्वज एकतर फार आधी येऊन अलास्कात थांबलेले असले पाहिजेत, नाहीतर होड्यांतून आलेले असले पाहिजेत.

१३/
म्हणजे चिखलाच्या एका मुठीवर दोन खंडांतल्या मानवाचा इतिहास टेकला होता. आणि त्या मुठीतच गोम होती. मुठीभर गाळ हा एका काळाचा नसतो. त्यात त्या वर्षी गळालेले पान असते, नदीने वरून वाहून आणलेली जुनी माती असते आणि उत्तर अलास्कात तर कोळशाचे थर आहेत, त्यांचा चुराही असू शकतो. कोळसा कोट्यवधी वर्षांचा. त्यात कार्बन-१४ शून्य. सगळा गाळ एकत्र जाळून मोजला तर येणारे वय पानाचेही नसते आणि कोळशाचेही नसते. ते दोघांच्या सरमिसळीचे असते.

१४/
ही सरमिसळ किती घात करते, हे साध्या गणिताने दिसते. नमुन्यातला एक पंचमांश कार्बन असा ‘मृत’ असेल तर वय सुमारे १,८०० वर्षांनी वाढून येते. एक तृतीयांश असेल तर सव्वातीन हजार वर्षांनी. यंत्र निर्दोष असते, मापन अचूक असते, आकड्यामागे लावलेली अधिक-उणे चूकही लहानशी असते. आणि तरीही तारीख हजारो वर्षांनी चुकलेली असते. मोजणाऱ्याने मोजण्यात कसूर केलेली नसते. जे मोजायला घेतले, तेच मुळात शुद्ध नसते.

१५/
उपाय तंत्रातूनच आला. जुन्या पद्धतीत अणू क्षय पावण्याची वाट पाहत बसावे लागे, म्हणून नमुना मोठा लागे. गाळ घाऊक प्रमाणात वापरला जाई तो याच कारणाने. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कणवेगवर्धकाच्या साह्याने कार्बन-१४चे अणू थेट मोजता येऊ लागले. आता काही मिलिग्रॅम पुरत. एखादे बी, पानाचा तुकडा, काटकीचा कण. दुधाचे दूध आणि पाण्याचे पाणी करणे शक्य झाले. भिंगाखाली गाळ निवडून त्यातून फक्त जमिनीवर वाढलेल्या वनस्पतीचे अवशेष वेगळे काढायचे आणि तेवढ्याचेच वय विचारायचे.

१६/
हे काम बेरिंगच्या बाबतीत केले ते कीटकांच्या अभ्यासकाने. स्कॉट इलायस प्राचीन भुंगेऱ्यांचे तज्ज्ञ. सुसान शॉर्ट, हान्स नेल्सन आणि हिलरी बर्क्स यांच्यासह त्यांनी बेरिंग व चुक्ची समुद्रांच्या तळातून काढलेले गाळस्तंभ तपासले. त्यांत पीटचे थर होते. पीट म्हणजे दलदलीत जागच्या जागी साचत गेलेला वनस्पतींचा अर्धवट कुजलेला थर. हा नदीने आणलेला गाळ नव्हे. जेथे उगवला तेथेच तो दबला. १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचे निष्कर्ष आले : भूसेतूचा काही भाग सुमारे ११,००० कार्बन-वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष सुमारे १३,००० वर्षांपूर्वीपर्यंत, पाण्याच्या वर होता.

१७/
त्या थरांनी तारखेखेरीज आणखी काही सांगितले. भुंगेऱ्यांच्या प्रत्येक जातीला ठरावीक तापमान मानवते. त्यांच्या पंखांच्या कवचावरून उन्हाळा किती उबदार होता ते ताडता येते. अखेरच्या काळात तेथील उन्हाळा आजच्यापेक्षा उबदार होता. बुटकी बर्च झुडपे, गवत आणि लहान तळी असे ते दृश्य होते. त्याआधी सुमारे २१,५०० वर्षांपूर्वीचे सुअर्ड द्वीपकल्प निराळे होते. तेथे ज्वालामुखीच्या राखेखाली जशीच्या तशी दबलेली जमीन हॉपकिन्स यांना १९७४ मध्ये आढळली होती आणि तीवर कोरड्या गवताळ टुंड्राच्या वनस्पती मिळाल्या. ती भूमी मोठी होती, दीर्घायुषी होती. तिचे रूप सर्वत्र आणि सर्वकाळ एक नव्हते.

१८/
पण पीटची साक्ष एकतर्फी असते. ‘अमुक काळापर्यंत येथे जमीन होती’ एवढेच ते सांगू शकते. समुद्र त्यानंतर लगेच आला की हजार वर्षांनी, हे त्याला ठाऊक नसते. जुन्या वाड्यातल्या शेवटच्या भाडेकरूची शेवटची पावती सापडली म्हणून वाडा त्याच महिन्यात रिकामा झाला असे म्हणता येत नाही. त्यासाठी नव्या रहिवाशाचा पहिला कागद लागतो. बेरिंगचा नवा रहिवासी होता समुद्र. तेव्हा आता खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या जिवांचे सर्वांत जुने अवशेष शोधायला हवे होते.

१९/
२००६ मध्ये लॉइड किग्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे अवशेष मांडले. सामुद्रधुनीच्या उत्तरेस चुक्ची समुद्राच्या तळाशी होप व्हॅली नावाची बुडालेली दरी आहे. खोली सुमारे ५३ मीटर. तेथल्या गाळात फोरॅमिनिफेरा मिळाले. हे एकपेशीय सागरी जीव चुन्याचे सूक्ष्म कवच बांधतात. त्यांच्या कवचांचे वय आले सुमारे १२,००० वर्षे. म्हणजे तोवर समुद्र दरीत शिरलेला होता. एका बाजूला पीटची साक्ष, दुसऱ्या बाजूला कवचांची; हवी असलेली तारीख त्या दोहोंच्या मध्ये सापडली.

२०/
मात्र सागरी जिवांच्या साक्षीतही एक खोट असते. खोल समुद्राचे पाणी शेकडो वर्षे हवेच्या संपर्कात येत नाही, त्यामुळे त्यातील कार्बन आधीच ‘म्हातारा’ झालेला असतो. त्या पाण्यात आज जन्मलेला शिंपलाही जन्मतः काही शतकांचा भासतो. जगभराची ढोबळ सरासरी सुमारे ४०० वर्षे धरतात. पण प्रत्येक समुद्राचा फरक वेगळा. चुक्ची समुद्राचा हजारो वर्षांपूर्वीचा फरक किती होता, हे कळल्याशिवाय कवचांच्या वयातून नेमके काय वजा करायचे ते ठरत नव्हते.

२१/
तेथे ज्वालामुखी मदतीला आला. ‘ओडेन’ या स्वीडिश हिमभंजक जहाजाने २०१४ मध्ये हेरल्ड कॅन्यन या बुडालेल्या घळीतून गाळस्तंभ काढले. त्यांपैकी एकात अलास्काच्या अनियाकचॅक ज्वालामुखीच्या राखेचे कण आढळले. हा स्फोट सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीचा आहे, हे स्वतंत्रपणे ठाऊक होते. राखेच्या आसपासच्या शिंपल्यांचे कार्बन-वय त्याच्याशी ताडून पाहिले, तेव्हा जागतिक सरासरीवर आणखी सुमारे ४७७ वर्षांची वजावट करावी लागते असे निघाले. शिंपल्यांचा खोटेपणा किती, हे राखेने सांगितले.

२२/
ही दुरुस्ती करून मार्टिन याकॉबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हेरल्ड कॅन्यनचा इतिहास मांडला. सुमारे ११,००० वर्षांपूर्वी तेथल्या गाळाचा स्वभावच बदलतो आणि पोषक द्रव्यांनी समृद्ध अशा पॅसिफिक पाण्याच्या खुणा दिसू लागतात. ही तारीख होप व्हॅलीच्या तारखेहून हजार वर्षांनी अलीकडची आहे. पण दोन्ही साक्षी एकाच गोष्टीच्या नाहीत. एकीत समुद्र दरीत शिरल्याची खूण आहे. दुसरीत पॅसिफिकचे पाणी आर्क्टिककडे वाहते झाल्याची. ‘बुडाला’ या एका क्रियापदात असे अनेक टप्पे दडलेले असतात.

२३/
बेरिंजिया एका दिवसात बुडाली नाही. त्या काळात समुद्र सरासरीने शतकाला सुमारे मीटरभर चढत होता. भूमी एवढी सपाट की मीटरभर पाणी चढले की किनारा कित्येक किलोमीटर आत सरके. आजीने जेथे तंबू ठोकला ती जागा नातीला भरतीत दिसावी, असा तो वेग. प्रलयासारखे काही घडले नाही. वाट तुटल्याचा क्षण कोणी पाहिला असेल, असेही नाही. हिवाळ्यात तर सामुद्रधुनी गोठत असल्याने ती पुष्कळ काळ पायांखालचीच राहिली असेल.

२४/
जे प्राणी मागे राहिले त्यांच्यापुरता हा सावकाश चढही जीवघेणा ठरला. बेरिंग समुद्रातले सेंट पॉल बेट हे त्या बुडालेल्या भूमीचे एक शिखर. तेथे अडकलेले मॅमथ सुमारे ५,६०० वर्षांपूर्वीपर्यंत जगले. बेट आक्रसत गेले, गोड्या पाण्याचे तळे उथळ आणि गढूळ झाले आणि अखेर ते तहानेने संपले, असे संशोधन सांगते. उत्तरेकडच्या रँगेल बेटावर मॅमथ सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत होते. तोवर गिझाचे पिरॅमिड बांधून झाले होते आणि हडप्पा-मोहेंजोदडोची नगरे भरभराटीस येऊन ओसरू लागली होती.

२५/
माणसाच्या प्रवासाचा प्रश्नही दरम्यान पुढे गेला आहे. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथील पाऊलखुणांना २०२१ मध्ये २३,००० ते २१,००० वर्षांचे वय देण्यात आले. आक्षेप लगेच आला आणि तो ओळखीचाच होता : वय काढले ते पाणवनस्पतीच्या बियांवरून, त्यांनी पाण्यातला जुना कार्बन घेतला असेल तर? संशोधकांनी मग जमिनीवरच्या सूचिपर्णी वृक्षांचे परागकण वेचले आणि गारगोटीच्या कणांवर अखेरचा प्रकाश केव्हा पडला तेही मोजले. २०२३ मध्ये जाहीर झालेली ही वये आधीच्या वयांशी जुळली. आक्षेप योग्य होता. त्याला दिलेले उत्तरही योग्य होते.

२६/
माणसे जर इतकी आधी आली असतील, तर सेतू केव्हा बुडाला याइतकेच तो केव्हा वर आला हेही महत्त्वाचे ठरते. जेसी फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये फोरॅमिनिफेराच्या कवचांतील नायट्रोजनवरून पॅसिफिकचे पाणी आर्क्टिकमध्ये केव्हा पोहोचत होते ते शोधले. सुमारे ४६,००० ते ३५,७०० वर्षांपूर्वी सामुद्रधुनी उघडीच होती. म्हणजे भूसेतू पूर्वीच्या समजापेक्षा पुष्कळ उशिरा वर आला. ईशान्य सायबेरियात याना नदीकाठी ३१,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीचे पुरावे आहेत. वाट खुली झाली तेव्हा वाटसरू फार दूर नव्हते.

२७/
या कथेतला धडा भारतीय किनाऱ्यालाही लागू पडतो. २००१ मध्ये खंबातच्या आखातात सोनार यंत्राने काही आकृती टिपल्या आणि तळातून उपसलेल्या एका लाकडाचे वय सुमारे साडेनऊ हजार वर्षे आले. त्यावरून ‘साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे नगर’ अशी घोषणा झाली. परंतु ते लाकूड उत्खननात ठरावीक थरातून निघाले नव्हते. प्रचंड भरती-ओहोटीच्या आखातात तळ खरवडून वर आले होते. कार्बन-१४ने लाकूड केव्हा वाढले ते सांगितले. ते लाकूड कोणत्या वास्तूचे, किंवा कोणत्याही वास्तूचे होते का, हे त्याला विचारलेच गेले नव्हते.

२८/
म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने कोणतीही प्राचीन तारीख वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. कोणत्या वस्तूचे वय काढले? ती वस्तू जेथे सापडली तेथलीच की वाहत आलेली? आणि जी घटना सिद्ध करायची, तिच्याशी त्या वस्तूचा संबंध काय? बेरिंगची तारीख चार हजार वर्षांनी सरकली ती यांतल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बदलल्यामुळे. १३,००० वर्षांपूर्वीपर्यंत तेथे दलदलीचे गवत होते, १२,००० वर्षांपूर्वी समुद्र दरीत शिरला होता, ११,००० वर्षांपूर्वी पॅसिफिकचे पाणी उत्तरेकडे वाहत होते. आजच्या पुराव्यांतून मिळणारे उत्तर हे असे, तीन पायऱ्यांचे आहे.

२९/
हॉपकिन्स २००१ मध्ये निवर्तले. सामुद्रधुनीच्या मध्यावर दोन डायोमीड बेटे आहेत. मोठे रशियाचे, धाकटे अमेरिकेचे, मध्ये सुमारे चार किलोमीटर पाणी. त्या बुडालेल्या भूमीच्या या दोन टेकड्या. सोव्हिएत काळात मोठ्या बेटावरच्या मूळ रहिवाशांना मुख्य भूमीवर हलवण्यात आले आणि धाकट्या बेटावरच्या इन्युपियात कुटुंबांचे समोरच्या आप्तांकडे जाणे-येणे बंद झाले. समुद्राला ही वाट बुडवायला हजारो वर्षे लागली होती आणि तरीही त्याने होड्यांची वाट मोकळी ठेवली होती. ती वाट माणसांनी एका सरकारी आदेशाने बंद केली. या दुसऱ्या घटनेची तारीख काढायला कार्बन-१४ लागत नाही. ती कागदोपत्री आहे.

(समाप्त)